परमनंट मेकअप करायच्या आधी ताजे फोटो नको, वर्षानंतरचे बघा

परमनंट मेकअप, म्हणजे सुईने त्वचेत रंग भरून भुवया, ओठ किंवा आयलायनर करून घ्यायचं डोक्यात आलं की आपण सगळ्यात आधी काय करतो तर मोबाइलवर फोटो बघत सुटतो, डावीकडे विरळ भुवया, उजवीकडे एकदम भरदार रेखीव, आणि तो उजवीकडचा फोटो बघूनच मन तयार होतं. पण तो फोटो बहुतेक वेळा काम संपल्या संपल्या काढलेला असतो. तेव्हा रंग ताजा असतो, त्वचा थोडी सुजलेली असते, वरून मलम चोपडलेलं असतं, लाइट मस्त असतो. ज्या भुवया घेऊन तुम्ही पुढची दोन तीन वर्षं फिरणार आहात त्या त्या फोटोत नाहीतच. त्या दिसायला महिना दीड महिना जावा लागतो आणि नीट कळायला वर्ष. म्हणून मला या विषयावर जे कोणी विचारतं त्यांना मी पहिलं हेच सांगते की बरं झालेलं काम बघा, म्हणजे खपल्या वगैरे सगळं निघून गेल्यानंतरचं, जमलं तर वर्ष दोन वर्षं जुनं, आणि मग बाकीचे सगळे प्रश्न, कुठली पद्धत, कुठला रंग, कोणाकडून, हे त्याच नजरेने विचारा.

माझ्या स्वतःच्या भुवया केलेल्या आहेत, ओठ मात्र करायचे नाहीत असं मी विचार करून ठरवलं, त्याचं कारण खाली येईलच. मी डॉक्टर नाही पण करायच्या आधी मी यावर भरपूर वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि अजूनही वाचत असते कारण हा चेहऱ्याचा प्रश्न आहे आणि माहिती देणारे बरेचदा तेच असतात ज्यांना तुम्हाला खुर्चीत बसवायचं असतं.

तर आत नक्की काय होतं ते आधी. मुळात हा टॅटूच आहे, सुई, पिगमेंट, त्वचा, सगळं तेच, फक्त चेहऱ्यावर आणि जरा वरच्या थरात. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो, तिथे टाकलेला रंग टिकणारच नाही, म्हणून तो त्याच्या खाली, डर्मिस म्हणतात त्या आतल्या थराच्या अगदी वरच्या भागात ठेवायचा असतो. शरीराला वाटतं हे काहीतरी बाहेरचं घुसलं, मग मॅक्रोफेज नावाच्या आपल्या संरक्षण करणाऱ्या पेशी तिथे धावतात आणि रंगाचे कण गिळून टाकतात, पचवता येत नाहीत म्हणून तसेच धरून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी एक पेशी मेली की तिच्यातला रंग मोकळा होतो आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच रंग परत गिळते, म्हणून टॅटू जागच्या जागी राहतो. मला हे वाचून फारच भारी वाटलं होतं, म्हणजे भुवईत दिसणारा रंग खरं तर आपल्याच जिवंत पेशींच्या पोटात असतो!

आणि यातूनच पुढचं सगळं समजतं. रंग फार वर ठेवला तर खपलीबरोबर निघून जातो. फार खाली गेला तर कडा पसरतात आणि रंग निळसर राखाडी दिसायला लागतो, कारण खोलवरचा काळा रंग त्वचेतून निळा दिसतो, आणि खोल गेलेला रंग लवकर जातही नाही. दोन्हीच्या मधली जागा मिलिमीटरच्या छोट्या हिश्शाएवढी आहे, आणि पापणीची त्वचा वेगळी, कपाळाची वेगळी, वय झालेल्या माणसाची पातळ, सतत स्टिरॉइड क्रीम लावणाऱ्याची त्याहून पातळ. आर्टिस्टचा हात म्हणतात तो इथे लागतो. छान आकार काढणं तुलनेने सोपं आहे हो, खोली सांभाळणं अवघड, आणि खोली चुकलेली त्या दिवशीच्या फोटोत दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसते. म्हणून परत तेच, जुनं काम बघा.

आता पद्धती. मायक्रोब्लेडिंग म्हणजे हातात धरायचं छोटं अवजार, त्याच्या टोकाला बारीक सुयांची एक ओळ, त्याने केसासारख्या रेघा ओढतात. नाव सगळ्यांना हेच माहीत असतं त्यामुळे सगळ्याजणी जाऊन हेच मागतात. पण ज्यांची त्वचा तेलकट आहे, छिद्रं मोठी आहेत, त्यांच्या त्वचेत या रेघा टिपकागदावरच्या शाईसारख्या पसरतात, सुरुवातीला एकेक केस वेगळा दिसतो आणि वर्षभरात सगळं मिळून एक धुरकट पट्टा होतो. अशांना मशीनने बारीक ठिपक्यांनी केलेल्या पावडर किंवा ओम्ब्रे भुवया जास्त चांगल्या, त्या पहिल्यापासूनच पेन्सिलने हलकं भरल्यासारख्या दिसतात आणि फिकट होतानाही सगळीकडून सारख्या होतात. नॅनो ब्रो म्हणून आहे त्यात मशीनच्या एकाच बारीक सुईने रेघा काढतात, त्यात खोली जास्त ताब्यात राहते असं बरेच आर्टिस्ट सांगतात. मायक्रोब्लेडिंगमध्ये त्वचेला अक्षरशः चिरा पडतात, त्यामुळे त्याच त्याच जागी दर वर्षी करत राहिलं तर वण साचतो आणि वण असलेल्या त्वचेत रंग नीट धरत नाही. माझं मत विचाराल तर मला मशीनचं काम जास्त पटतं. कोरडी, घट्ट, तरुण त्वचा असेल आणि हात खरंच चांगला असेल तर मायक्रोब्लेडिंगही सुरेख होतं, नाही असं नाही, पण आर्टिस्टने तुमच्या त्वचेला हात न लावता, ताणून न बघता, फक्त फोटोवरून पद्धत ठरवली तर मला ते खटकतं.

रंगाबद्दल जरा जास्त लिहिते कारण लोक इथेच फसतात. आपण डबीवरची शेड बघतो, चॉकलेटी, गडद चॉकलेटी, पण त्या डबीत रंग मिसळलेले असतात, तांबडा पिवळा काळा, आणि ते सगळे एकाच वेगाने उडत नाहीत. बऱ्याच पिगमेंटमध्ये आयर्न ऑक्साइड असतं, म्हणजे लोहाचे रंग, त्यातला काळा भाग आधी ओसरला की मागे तांबूस नारिंगी उरतं, रस्त्यात कधी कोणाच्या भुवया विटकरी दिसल्या तर ते बहुतेक हेच. कार्बनचा काळा असेल तर तो चिवट, तो शेवटी राहतो आणि भुवया राखाडी दिसतात. दोन्हीत एक चांगलं आणि एक वाईट असं नाही, पण तुमच्यावर कुठलं वापरणार आहेत आणि ते तुमच्यासारख्या त्वचेवर दोन वर्षांनी कसं दिसतं हे त्यांना सांगता आलं पाहिजे. रंगात पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड किती आहे हेही विचारा, ते का ते खाली लेसरच्या वेळी सांगते.

त्वचेचा वर्ण सांगायला फिट्झपॅट्रिक टाइप म्हणून आकडा वापरतात, काम करायच्या आधी भरून घेतात त्या फॉर्मवर दिसेल तुम्हाला. ही पद्धत १९७५ मधली, थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाची, आणि ती मुळात उन्हात त्वचा जळते की काळवंडते यावरून केलेली आहे, त्यात सुरुवातीला गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते, सावळे आणि काळे वर्ण नंतर जोडले गेले. म्हणजे तुमच्या त्वचेच्या आत पिवळी झाक आहे की तांबूस की हिरवट हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि भुवईचा रंग तर त्या झाकेवर ठरतो. तो आकडा एका गोष्टीसाठी मात्र खरंच कामाचा आहे, वर्ण जितका गडद तितकी जखमेनंतर डाग काळा पडायची शक्यता जास्त. तुमच्या पिंपल्सचे डाग महिनोन् महिने राहत असतील, डास चावला तरी काळा ठिपका उरत असेल, तर सुईच्या जखमेचंही तसं होऊ शकतं, हे आधी सांगा आणि शक्यतो तुमच्याच वर्णाच्या माणसांवरचं काम बघायला मागा. गोऱ्या चेहऱ्यांचे शंभर फोटो बघून सावळ्या चेहऱ्याचा अंदाज येत नाही.

ओठांचं तर अजूनच. गडद किंवा कडेने काळसर ओठांवर थेट गुलाबी रंग घातला तर तो बरा झाल्यावर जांभळट नाही तर राखाडी दिसतो, त्यामुळे आधी नारिंगीकडे झुकणाऱ्या रंगाने ती काळपट झाक मारावी लागते, ती बरी होऊ द्यायची, मग पुढच्या खेपेला हवा तो रंग. एका बैठकीत काळसर ओठ गुलाबी करून देतो असं कोणी म्हणालं तर मी तिथून उठेन. आणि ओठ काळे का आहेत हेही बघायला हवं, सिगारेट, ऊन, एखाद्या लिपस्टिकची किंवा टूथपेस्टची अ‍ॅलर्जी, सतत ओठ चावणं, काही औषधं, कारण चालूच राहिलं तर वरून घातलेला रंग किती दिवस पुरणार.

माझं ओठ न करायचं कारण वेगळं आहे. मला अधूनमधून ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात, हर्पिसचे. हा विषाणू एकदा शरीरात आला की नसांमध्ये झोपून राहतो आणि ओठाला सुईची इजा झाली की हमखास उठू शकतो, मग फोड आले की दुखणं तर आहेच पण रंगही ठिकठिकाणी उडतो. ज्यांना हे होतं त्यांनी आधी डॉक्टरांकडून विषाणूविरोधी गोळ्या लिहून घेऊन मग करता येतं, खूपजणी करतात. मला ते एवढं गरजेचं वाटलं नाही म्हणून मी राहू दिलं. पण तुम्हाला आयुष्यात एकदा जरी असे फोड आले असतील तरी सांगा. फॉर्मवर हा प्रश्नच नसेल तर तो फॉर्म अर्धवट आहे.

डोळ्यांचं मी सगळ्यात जपून सांगते. आयलायनरची कल्पना तशी नवीन नाही, १९८४ मध्ये जिओरा अँग्रेस या नेत्रतज्ज्ञाने या प्रक्रियेवर वैद्यकीय लेख लिहिला होता, आणि ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना चष्मा काढल्यावर आरशात नीट दिसत नाही, ज्यांच्या पापण्यांचे केस गळलेत त्यांना याचा खरंच उपयोग होतो. पण पापणीच्या कडेला मायबोमियन ग्रंथी असतात, त्यातून तेल सुटतं आणि त्या तेलामुळे डोळ्यातलं पाणी लगेच सुकत नाही. आयलायनर टॅटू केलेल्या बायकांमध्ये या ग्रंथी कमी झालेल्या आणि डोळे कोरडे पडलेले नेत्रतज्ज्ञांना आढळले आहेत. म्हणून पापण्यांच्या केसांच्या मुळाशी बारीक रेघ एवढ्यावर थांबा, आतल्या ओल्या कडेवर कोणी करतो म्हणालं तर स्पष्ट नाही सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या, पापण्यांचे एक्स्टेन्शन काढायचे, पापण्या वाढवायचं सीरम काही आठवडे आधीच बंद करायचं, नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचंच नाही. डोळे आधीच कोरडे असतील, चुरचुरत असतील तर माझं प्रामाणिक सांगणं आहे की पेन्सिल बरी.

तब्येतीच्या बाकी गोष्टी पटापट सांगते पण यातली एकही लपवू नका. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा, घाई काहीच नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर बंद केल्यावर साधारण सहा महिने तरी जाऊ द्यायला सांगतात. जखमेचा वण फुगून जाड होण्याची सवय असेल, म्हणजे केलॉइड, तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. सोरायसिस, कोड यांच्यात जिथे त्वचेला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, त्यामुळे चेहऱ्यावर सुई लावून घ्यायच्या आधी दहादा विचार करा. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त जास्त येतं आणि रंग धरत नाही, पण कृपा करून त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, भुवयांसाठी हृदयाची गोळी बंद करणं हा विचारही नको, डॉक्टर काय सांगतात ते अंतिम. केमोथेरपी सुरू व्हायची असेल आणि भुवया जाणार हे माहीत असेल तर काहीजणी आधीच करून घेतात, तेही डॉक्टरांशी बोलून आणि जखम पूर्ण भरायला वेळ ठेवून. बोटॉक्स घेतलं असेल तर निदान दोन आठवडे जाऊ द्या, कपाळ उचललं गेलं की भुवईची जागा हलते, आणि मग मोजमाप कसलं घेणार.

अ‍ॅलर्जीसाठी पॅच टेस्ट मागा. कानामागे थोडासा रंग लावून बघतात. ती निर्धोक निघाली म्हणजे पुढे कधीच काही होणार नाही असं नाही, टॅटूच्या रंगाची अ‍ॅलर्जी कधी कधी महिन्यांनी वर्षांनीही उठते, आणि सगळ्यात जास्त त्रास लाल छटांचा होतो म्हणजे परत ओठच आले. २००३ आणि २००४ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या परमनंट मेकअपच्या काही शेड्समुळे सूज, पुरळ, गाठी असा त्रास झाल्याच्या १५० हून जास्त तक्रारी तिथल्या एफडीएकडे, म्हणजे औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे गेल्या होत्या. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, त्वचेत टोचण्यासाठी म्हणून एफडीएने एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही, त्यामुळे 'एफडीए अप्रूव्ड पिगमेंट' असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते खरं नाही. युरोपियन युनियनने मात्र ४ जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या रंगांमधल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत, त्या नियमांत बसणारं पिगमेंट आहे का हा प्रश्न जगात कुठेही विचारता येतो. बाटलीवर घटक, बॅच नंबर, एक्सपायरी तारीख हे दिसलं पाहिजे.

स्वच्छतेत मी अजिबात तडजोड करत नाही. सुई तुमच्या समोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम झाल्यावर तुमच्या समोर टाकली गेली पाहिजे. रंग मोठ्या बाटलीतून एकदाच वापरायच्या छोट्या कपात ओतायचा, सुई थेट बाटलीत बुडवायची नाही, उरलेला रंग परत बाटलीत नाही. रंग पातळ करायला नळाचं पाणी तर नाहीच नाही, पाण्यातले मायकोबॅक्टेरियाच्या जातीचे जंतू अशाच वाटेने त्वचेत शिरतात आणि त्यांचे फोड महिनोन् महिने औषध घेऊन जातात. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही हे सगळं सुईतून पसरू शकतं, हे सांगून घाबरवायचं नाहीये मला पण लोक हेअरकटला जावं तसं जातात म्हणून सांगते. हातमोजे घालून मध्येच मोबाइल उचलला आणि त्याच हाताने परत काम सुरू केलं तर बदला म्हणा, लाजू नका, चेहरा तुमचा आहे.

नंबिंग क्रीमबद्दल कोणी बोलतच नाही. त्यात बहुतेक लिडोकेन असतं. अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायच्या क्रीममध्ये त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपर्यंतच चालतं, पण ऑनलाइन त्याहून कितीतरी कडक क्रीम मिळतात आणि मार्च २०२४ मध्ये एफडीएने अशा उत्पादनांविरुद्ध इशारा दिला होता, कारण जास्त प्रमाणात, मोठ्या भागावर, सोललेल्या त्वचेवर लावलं तर ते रक्तात जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. भुवयांएवढ्या छोट्या भागाला तितका धोका नाही पण क्रीमचं नाव आणि प्रमाण विचारायचं, दाताच्या डॉक्टरकडे भूल दिल्यावर कधी त्रास झाला असेल तर तो सांगायचा, आणि डोळ्याजवळ क्रीम डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्यायला लावायची, काही क्रीम बुबुळाला भाजल्यासारखी इजा करतात.

आकाराचं काय. भुवयांचं माप तुम्ही बसलेल्या असताना घ्यायला हवं, आडवं झाल्यावर चेहऱ्याची त्वचा मागे सरकते आणि सगळंच बदलतं. दोरा लावून, पट्टी लावून रेघा आखतात, ते ठीक, पण आखून झाल्यावर आरशात बघा, हसा, बोला, कपाळाला आठ्या पाडून बघा, फोटो काढून बघा. कोणाच्याच दोन्ही भुवया सारख्या नसतात, एका बाजूचा स्नायू जास्त उचलतो, मोजून अगदी सारख्या केल्या तर बोलताना वेड्यावाकड्या दिसतात. फॅशनच्या मागे तर मुळीच लागू नका, १९९० च्या दशकात बारीक दोऱ्यासारख्या भुवया सगळ्यांना हव्या होत्या, नंतर जाड आल्या. तुमच्या स्वतःच्या भुवईच्या हाडाला आणि केसांना धरून जो आकार आहे त्याच्या आसपास राहा, आणि पहिल्या वेळी थोडं बारीक, थोडं फिकट. नंतर वाढवता येतं, कमी करणं म्हणजे लेसर. आखलेला आकार पटला नाही तर पुसून परत आखायला सांगा, तिसऱ्यांदा सांगा, तरी नाही पटला तर त्या दिवशी करू नका. चांगली आर्टिस्ट यावर चिडत नाही. मला तर वाटतं पहिली भेट फक्त बोलण्याची असावी, त्याच दिवशी काम नकोच.

बरं होण्याचे दिवस माहीत नसले की लोक घाबरतात, म्हणून सांगते. पहिले दोन तीन दिवस भुवया नको इतक्या गडद दिसतात, थोडी सूज, थोडी लस येते, ती ओल्या स्वच्छ कापसाने टिपायची. मग खाज सुटते, पापुद्रे निघतात, ते ओढायचे नाहीत, ओढले की रंग घेऊनच निघतात. आठवडा दहा दिवसांनी पापुद्रे गेले की रंग एकदम फिकट दिसतो, जवळजवळ गेल्यासारखाच, आणि इथे सगळ्याजणी रडवेल्या होऊन फोन करतात. थांबा. वर नवी त्वचा आलेली असते, ती अजून धुरकट असते, ती स्थिरावली की रंग परत वर येतो, चार ते सहा आठवड्यांत खरा रंग दिसतो. त्या आधी टच-अप, म्हणजे कमी पडलेल्या जागी परत रंग भरणं, करूच नये, साधारण सहा आठ आठवड्यांनी करतात. पहिल्या दिवसांत पोहणं नाही, वाफ नाही, घाम गाळणारा व्यायाम नाही, त्या भागावर मेकअप नाही, कडक ऊन नाही. ओठांची सूज पहिल्या दिवशी बरीच असते आणि ओठांचे पापुद्रे लवकर निघतात. लग्न, फोटोशूट, मोठी मीटिंग यांच्या आदल्या आठवड्यात करायला जाणाऱ्यांना मी हात जोडते, दोन महिने तरी आधी करा. पुढे नेहमीसाठी सनस्क्रीन, आणि रेटिनॉल किंवा अ‍ॅसिडवालं सीरम भुवईपासून लांब, त्याने रंग लवकर उडतो.

लालसरपणा रोज वाढतच चालला, पू आला, ताप आला, किंवा बऱ्याच दिवसांनी रंगाच्या जागी कडक गाठी उठल्या तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा.

काढून टाकायचं म्हटलं तर काय, हे करायच्या आधीच माहीत हवं. लेसरने रंगाचे कण फोडतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं, त्याला बऱ्याच बैठका लागतात, मध्ये आठवडे जाऊ द्यावे लागतात, भुवईचे केस काही काळ पांढरे होऊ शकतात. पण टायटॅनियम डायऑक्साइड किंवा तांबडं आयर्न ऑक्साइड असलेला रंग लेसर पडल्यावर फिकट व्हायच्या ऐवजी त्याच क्षणी काळा राखाडी होऊ शकतो, गुलाबी, पीच, त्वचेच्या रंगाच्या शेड्समध्ये हे होतं. म्हणून आधी एका कोपऱ्यात छोटीशी चाचणी करूनच पुढे जायचं आणि हे त्वचारोगतज्ज्ञाकडेच करायचं, पापण्यांजवळ असेल तर डोळ्यात संरक्षक शील्ड घालावं लागतं. यामुळेच चुकलेली भुवई त्वचेच्या रंगाच्या पिगमेंटने झाकून देतो हा उपाय मला सगळ्यात वाईट वाटतो, तो डाग वर्षभरात पिवळट पांढरा दिसायला लागतो आणि लेसरचा मार्गही अवघड करून ठेवतो. सलाइनने म्हणजे मिठाच्या पाण्याने रंग वर ओढून काढायची पद्धत आहे, थोड्या वरवरच्या रंगाला ती चालते, पण तीही सुईच आहे आणि तिचाही वण राहू शकतो.

एवढं सगळं वाचून कोणाला वाटेल ही करू नका म्हणतेय. तसं नाहीये. माझ्या मावसबहिणीला चाई लागून भुवया पूर्ण गेल्या, ती सकाळी भुवया काढल्याशिवाय दारही उघडायची नाही, आणि करून घेतल्यापासून ती पावसात भिजते, तोंड पुसते, कोणाच्याही घरी बिनधास्त मुक्कामाला जाते, मला हे बघून इतकं बरं वाटतं. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर स्तनाग्राचा भाग याच तंत्राने इतका हुबेहूब रंगवतात की सपाट त्वचेवर उठाव दिसतो, कित्येक बायकांना त्याने स्वतःकडे परत बघता आलं आहे. भाजल्याचे डाग, टाळूवरचे विरळ केस, दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनचा वण, इथेही वापरतात. यासाठी मात्र त्या त्या कामाचा वेगळा अनुभव लागतो, भुवया छान करणारी व्यक्ती वणावर छान करेलच असं नाही, आणि वण जुना होऊन शांत झालेला हवा, साधारण वर्षभर तरी.

शेवटचं म्हणजे काम झाल्यावर तिथून कागद घेऊन या. पिगमेंटचं नाव, शेड, बॅच नंबर, तारीख, कुठली सुई, कुठलं क्रीम, सगळं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा कारण दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाकडे टच-अपला गेलात तर त्यांना खाली काय आहे हे कळायला हवं, लेसरच्या डॉक्टरांनाही तेच लागतं. एमआरआय करायची वेळ आली तर तिथे आधी सांगा की चेहऱ्यावर परमनंट मेकअप आहे, लोहाच्या रंगांमुळे क्वचित तिथे सूज किंवा आग होते, ती टिकत नाही, पण आयलायनर असेल तर डोळ्याजवळचं चित्र बिघडू शकतं, म्हणून त्यांना माहीत हवं. त्या भीतीने एमआरआय टाळायचा मात्र नाही. रक्तदान करत असाल तर अनेक देशांत टॅटूनंतर काही महिने थांबायला सांगतात आणि त्यात हेही धरतात, पुढच्या वेळी रक्तपेढीत गेलात की फॉर्म भरतानाच तारीख सांगा, ती त्या कागदावर असेलच.